फौजेत जाऊन फुटबॉल खेळायचाय? सातारा-सांगलीच्या पोरांसाठी

फौजेत जायचं म्हणजे काय, हे सातारा-सांगलीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अपशिंगे मिलिटरी हे गावाचं नावच पुरेसं आहे. फुटबॉलचं वेडही कोल्हापूरहून मिरजेपर्यंत पोचलेलं आहे. पण या दोन्ही गोष्टी एकत्र करून सैन्याच्या संघातून परदेशी सैन्यसंघांशी खेळायचं असेल, तर वाट कुठून जाते, हे फार थोड्यांना नीट माहीत असतं. खेळ बऱ्याच पोरांचा चांगला असतो. ती बाद होतात कागदावर, वयावर आणि 1600 मीटरच्या धावण्यावर.

आधी स्पर्धेबद्दल. जगभरच्या सैन्यदलांच्या खेळांची संघटना म्हणजे सीआयएसएम. ती 18 फेब्रुवारी 1948 रोजी स्थापन झाली आणि तिचं मुख्यालय ब्रुसेल्सला आहे. सैन्यसंघांचं फुटबॉल अजिंक्यपद ती भरवते, शिवाय मिलिटरी वर्ल्ड गेम्समध्येही फुटबॉल असतो. हे गेम्स पहिल्यांदा 1995 मध्ये रोमला झाले. 2007 मध्ये ते आपल्याकडे हैदराबाद आणि मुंबईत झाले. 2011 ला रिओत आणि 2015 ला दक्षिण कोरियातल्या मुंग्योंगला फुटबॉलचं सुवर्ण अल्जीरियानं नेलं. महिला संघांचं अजिंक्यपद वेगळं असतं. 2018 चं अमेरिकेत फोर्ट ब्लिसला झालं.

‘फौजी संघ म्हणजे हौशी खेळाडू’ असा समज असेल तर तो आत्ताच सोडा. काही देशांत लष्करी सेवा सक्तीची आहे, त्यामुळे व्यावसायिक क्लबात खेळणारी तरुण पोरं त्या काळात सैन्याच्या संघात असतात. दक्षिण कोरियात तर गिमचॉन सांगमु हा सैन्याचा क्लबच देशाच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळतो. आपल्याकडे सक्ती नाही. आपला खेळाडू भरती होऊनच यावा लागतो, आणि फौजी म्हणून टिकला तरच पुढे खेळतो. पुढचं सगळं गणित यावर चालतं.

आपल्याकडची शिडी अशी: युनिटचा संघ, मग ब्रिगेड, डिव्हिजन आणि कमांड पातळीच्या स्पर्धा, त्यातून आर्मीचा संघ. आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स मिळून सर्व्हिसेसचा संघ निवडला जातो. त्याचं काम सर्व्हिसेस स्पोर्ट्स कंट्रोल बोर्ड बघतं. संतोष ट्रॉफी ही राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा सर्व्हिसेसनं अनेकदा जिंकली आहे; सातव्यांदा मार्च 2024 मध्ये अरुणाचलात, अंतिम सामन्यात गोव्याला 1-0 नं हरवून. ड्युरँड कप 1888 पासूनचा, आशियातली सर्वात जुनी फुटबॉल स्पर्धा. सैन्याचे संघ तिथे आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) व्यावसायिक क्लबांसमोर उतरतात. 2023 ला बांगलादेश आर्मी आणि नेपाळची त्रिभुवन आर्मीही तिथे खेळून गेली. म्हणजे परदेशी सैन्यसंघाशी गाठ पडायला परदेशीच जावं लागतं असं नाही.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. सीआरपीएफ, बीएसएफ ही दलं गृहखात्याखाली येतात. तिथेही क्रीडा भरती आहे, फुटबॉलही आहे, पण ती पोरं सर्व्हिसेसच्या संघात येत नाहीत. अर्ज भरण्याआधी हे पक्कं करून घ्या.

आता आत शिरायच्या वाटा. लहान वयातली वाट म्हणजे बॉइज स्पोर्ट्स कंपनी. साधारण 8 ते 14 वयाच्या मुलांना घेतात, शाळा आणि खेळ दोन्ही तिथेच. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरमध्ये अशी कंपनी आहे. मात्र प्रत्येक केंद्रात खेळ ठरलेले असतात आणि फुटबॉल सगळीकडे नसतो, त्यामुळे चौकशी न करता पोराला घेऊन गाडीत बसू नका. दुसरी वाट अग्निवीर भरतीची. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयाखाली येतात: आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदानावरचा भरती मेळावा. तिसरी वाट रेजिमेंटल सेंटरच्या स्वतःच्या भरतीतली खेळाडूंची. बेळगाव, पुण्यातलं खडकी, नाशिक रोड, अहिल्यानगर ही आपल्या जवळची सेंटर्स. तिथे खेळाची ट्रायल होते, पण धावणं आणि वैद्यकीय तपासणी कुणालाच चुकत नाही. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय कामगिरी असलेल्यांसाठी थेट हवालदार आणि नायब सुभेदार अशीही भरती निघते. तिच्यात त्या वेळी फुटबॉल आहे की नाही, ते जाहिरातीत बघायचं.

अग्निवीराला चार वर्षं मिळतात आणि त्यानंतर 25 टक्क्यांपर्यंतच कायम होतात. प्रशिक्षणाचे महिने वजा केले तर युनिटच्या संघात नजरेत भरायला वेळ थोडा उरतो. ‘आधी आत जाऊ, मग खेळाचं बघू’ म्हणणाऱ्यांचं इथेच चुकतं. पोस्टिंग झाल्या आठवड्यातच युनिटच्या स्पोर्ट्स एनसीओला (खेळ बघणाऱ्या हवालदार-नायकाला) आपलं नाव आणि खेळायची जागा सांगायची.

धावण्याकडे येऊ. 1600 मीटर 5 मिनिटं 30 सेकंदांत काढले तर 60 गुण, आणि 10 बीम, म्हणजे पुल-अप, मारले तर 40. नऊ फुटी खड्डा ओलांडणं आणि झिगझॅग पट्टीवर तोल सांभाळून चालणं, यात फक्त पास व्हायचं असतं. फुटबॉलवाल्याला वाटतं, आपण तर 90 मिनिटं पळतो. पण सामन्यातलं पळणं तुटक असतं. थांबणं, झेपावणं, पुन्हा चालणं. एका लयीत साडेपाच मिनिटं पळायची सवयच नसते. त्यात मेळाव्यात सुटताना रेटारेटी होते, पोरगं पहिली फेरी 70 सेकंदांत मारतं आणि तिसऱ्या फेरीत पोटात गोळा येतो. 400 मीटरच्या चार फेऱ्या 80, 83, 84, 80 अशा बसवा, बेरीज 5:27 होते. मैदान 200 मीटरचं असेल तर आठ फेऱ्या, प्रत्येक 41 सेकंदांची. आठवड्यातून एकदा 400 मीटर सहा वेळा, प्रत्येकी 80 सेकंदांत, मध्ये 2 मिनिटं विश्रांती. एकदा 6 ते 8 किलोमीटर निवांत. बाकी तीन दिवस बॉल, एक सामना, एक दिवस पूर्ण सुट्टी. ती सुट्टी खाऊ नका.

साताऱ्याच्या पोरांना अजिंक्यताऱ्याची चढण आयती मिळालीय. चढताना पळा, उतरताना चाला. यवतेश्वर घाटातून डांबरी उतारावर सुसाट खाली आल्यानं दम वाढत नाही, नडगी आणि गुडघा मात्र दुखायला लागतो, आणि तोच गुडघा पुढे डॉक्टर तपासणार असतात.

बीममध्ये फुटबॉलवाले कच्चे असतात, कारण हाताचा व्यायाम कुणी करतच नाही. घराच्या चौकटीला लटकून दहा मारणारा मेळाव्यातल्या जाड पाइपवर सहाला सुटतो. जाड पाइपवरच सराव करा. चढता येत नसेल तर स्टुलावरून वर जायचं आणि पाच सेकंद मोजत खाली यायचं. असे पाच, चार वेळा.

ट्रायलला दमाची परीक्षा म्हणून यो-यो टेस्ट लागू शकते. 20 मीटर जाऊन 20 मीटर परत, मग 5 मीटरच्या पट्ट्यात 10 सेकंद चालायचं, पुन्हा बीप. वेग 10 किलोमीटर प्रतितासापासून सुरू होतो आणि वाढत जातो. रेषा दुसऱ्यांदा चुकली की बाहेर. सराव करताना अंतर टेपनं मोजा. पावलांनी मोजलेले 20 मीटर हमखास 18 निघतात आणि पोरगं फुकट खूश होतं. बहुतेकांची चूक वळताना होते: अर्धगोल फिरून येतात आणि दर फेरीला दीडएक मीटर जास्त पळतात. रेषेवर एक पाय आडवा रोवून, कंबर खाली घेऊन, आलात त्याच ओळीत परत सुटायचं. पाय आलटून पालटून वापरा, नाहीतर एकाच पायाची पोटरी गच्च होते.

मैदानाचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. साताऱ्याकडे बरीच मैदानं मुरमाची. लांब स्टडचे बूट तिथे रुतत नाहीत, पाय सरकतो आणि स्टड महिन्यात झिजतात. आखूड, भरपूर स्टडचा टर्फ बूट घ्या. सांगलीकडे काळी माती. सुब्रोतो कपचे शालेय सामने ऐन पावसाळ्यात आले की दहाव्या मिनिटाला बुटाखाली चार बोटं चिखल साचतो आणि स्टड असून नसल्यासारखे होतात. तिथे लांब स्टड, आणि बॉल बाहेर गेला की तेवढ्यात काठीनं चिखल काढायचा. ट्रायल बहुधा गवतावर होते. मुरमावर बॉल उंच उसळतो, गवतावर खाली राहतो, म्हणून आधीचे आठ-दहा दिवस तरी कुठल्या तरी गवतावर खेळून घ्या. बॉल 5 नंबरचा, 410 ते 450 ग्रॅमचाच वापरा आणि हवा पंपाच्या काट्यावर बघा. अंगठ्यानं दाबून बघितलेली हवा रोज वेगळी असते.

आता कागद. प्रमाणपत्र गल्लीतल्या चषकाचं चालत नाही. जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत्या मान्यताप्राप्त स्पर्धेचं लागतं, आणि जाहिरातीत दिलेल्या मुदतीतलंच. आपला शालेय विभाग कोल्हापूरचा, म्हणजे विभागात गाठ कोल्हापूरच्या शाळांशी पडते. तिथे हरलं की त्या वर्षाचं प्रमाणपत्र जिल्ह्यावरच थांबतं. म्हणून क्लबकडूनही खेळा आणि फुटबॉल महासंघाच्या सीआरएसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणीत, नाव घालून घ्या. दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि खेळाचं प्रमाणपत्र या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर सारखी हवी. एकावर ‘दत्ता’ आणि दुसऱ्यावर ‘दत्तात्रय’ असेल तर मैदानात कुणी ऐकून घेत नाही. राज्य सरकारच्या 5 टक्के आरक्षणासाठी उपसंचालकांकडून होणारी पडताळणी वेगळी. ती झाली म्हणून सैन्यात चालेलच असं धरू नका. आणि ‘सेटिंग करून देतो’ म्हणणारा अकॅडमीबाहेर भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. भरतीला पैसे लागत नाहीत.

ट्रायलला गेल्यावर जागा विचारली की बहुतेक पोरं ‘फॉरवर्ड’ सांगतात. गर्दी तिथेच होते. डावखुरा असाल तर डावा बॅक सांगा. डावखुरे थोडे असतात, म्हणून नाव लक्षात राहतं. एक मुख्य आणि एक पर्यायी जागा, एवढंच सांगायचं, ‘कुठेही खेळतो’ म्हणायचं नाही. आदल्या दिवशी मुक्कामाला पोचा. मिरजेहून बेळगावला रेल्वे आहे, पण रात्रभर उभ्यानं प्रवास करून सकाळी धावायला उतरणारा हमखास मागे राहतो. कानातला मळ आठवडाभर आधी डॉक्टरकडून काढून घ्या, वैद्यकीय तपासणीत तेवढ्यावरूनही परत पाठवतात. पिशवीत दोन्ही प्रकारचे बूट, शिनगार्ड, जादा लेस, मूळ कागद आणि साक्षांकित प्रतींचे दोन संच. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, बेळगावला पाऊस सांगून येत नाही.