घर लांब आहे आणि भाड्याने दिलंय, मग हे आधी लावून ठेवा

घर एकीकडे आणि आपण भलतीकडेच, अशा वेळी बहुतेक जण आधी भाडं किती येईल ते बघतात. पण खरा प्रश्न वेगळाच आहे, मध्यरात्री पाइप फुटला तर तिथे जाणार कोण? घराजवळ असा एक माणूस हवाच, नातेवाईक असो नाहीतर एजंट, आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या, कारण फुकटात कामं सांगत राहिलं की तो हळूहळू फोन उचलेनासा होतो आणि आपल्यालाही काही बोलता येत नाही. त्याच्याकडे जास्तीची चावी, ओळखीच्या प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनचे नंबर, आणि एक रक्कम ठरवून द्या, त्याला सांगा, तेवढ्यापर्यंतची दुरुस्ती मला न विचारता करून टाक, त्यावर जात असेल तर फोटो आणि कोटेशन पाठव. भाडेकरूलाही हे सगळं पहिल्याच दिवशी सांगा.

पाण्याची तक्रार मात्र कधीच उद्यावर टाकू नका प्लीज. भिजलेली जागा 24 ते 48 तासांत सुकली नाही तर बुरशी धरायला लागते, मग नुसत्या वायसरचं काम रंगकामापर्यंत जातं. मेन व्हॉल्व्ह कुठे आहे आणि कसा बंद करायचा याचा छोटा व्हिडिओ भाडेकरूला पाठवून ठेवा. लिकेजची शंका आली तर लांबूनही तपासता येतं: सगळे नळ बंद करायला सांगायचं, पाण्याच्या मीटरचा फोटो मागवायचा, तासा-दोन तासांनी पाणी न वापरता परत एक फोटो, आकडा सरकला असेल तर कुठेतरी गळतंय. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकून बघायचा, फ्लश न करता तो खाली भांड्यात उतरला तर गळती तिथेच आहे.

चावी देण्याआधी पूर्ण घराचा व्हिडिओ करा, कपाटं उघडून, नळ सोडून, मीटर रीडिंगसकट, आणि कॉपी दोघांकडे राहू दे. डिपॉझिटवरून होणारी कितीतरी भांडणं याने टळतात. आणि रोजच्या वापराने रंग फिका पडला तर ते नुकसान नव्हे, त्याचे पैसे कापणं चुकीचंच आहे.

भाडं थेट बँकेत घ्या, रोख नकोच. घर भाड्याने दिलंय हे विमा कंपनीला कळवा, आणि मध्ये रिकामं राहणार असेल तर पॉलिसी नीट वाचा, बऱ्याच पॉलिसींमध्ये घर सलग 30 किंवा 60 दिवस रिकामं राहिलं की कव्हर कमी होतं.

घर बघायला माणूस पाठवायचा तर आधी कळवून, वेळ विचारून, कारण घर तुमचं असलं तरी तिथे संसार त्यांचा आहे, घराच्या आत कॅमेरा वगैरे तर अजिबात नाही. भाडेकरूने सोडायची नोटीस दिली की लगेच एकदा घर बघून घ्या, म्हणजे दुरुस्तीची यादी आधीच तयार होते, आणि शेवटच्या दिवशी तुमच्या माणसाने जुना व्हिडिओ मोबाईलवर लावून, भाडेकरूला सोबत घेऊन खोली खोली फिरायचं, तिथेच मीटरचे फोटो काढायचे आणि मगच चावी ताब्यात घ्यायची.