बाभळीचं बी शेळ्यांच्या गोठ्यातून आणा

हातकणंगले तालुक्यात आमचा सव्वा एकर माळ आहे. पाणी नाही, म्हणून ऊस नाही. (कोल्हापुरात हे सांगताना आवाज आपोआप बारीक होतो.) बांधावर बाभूळ धरायची ठरवलं आणि पहिल्या वर्षी बी नुसतंच टोकलं. शंभरातलं अकरा उगवलं. आत्ती म्हणाली, "अरं, गोठ्यातलं गोळा कर की!"

तिचं खरं होतं. बाभळीच्या बियाचं कवच इतकं टणक की पाणी आत शिरत नाही. शेळ्या शेंगा खातात, काही बी रवंथ करताना बाहेर टाकतात, काही लेंड्यांतून पडतं. तोवर कवच नरम झालेलं असतं. मेंढरं बसवलेल्या रानात पावसाळ्यात बाभळी आपसूक उगवतात त्या यामुळंच.

शेळ्या नसतील तर उन्हाळ्यात वाळक्या शेंगा फोडा. भोक पडलेलं बी फेकून द्या, ते किड्यानं पोखरलेलं असतं. पाणी उकळून चुलीवरनं उतरवा, मग त्यात बी टाका आणि दुसऱ्या दिवसापर्यंत राहू द्या. फुगलेलं बी लगेच पेरायचं, बाकीच्याला परत गरम पाणी.

शेंग मात्र बघून घ्या. आपल्या बाभळीची शेंग करडी, मण्यांच्या माळेसारखी मधे मधे आवळलेली असते आणि फूल म्हणजे पिवळा गोल गोंडा. लांबट तुऱ्याचं फूल आणि पिवळट सलग शेंग दिसली तर ती वेडी बाभूळ. ती एकदा रानात शिरली की काढता काढता नाकी नऊ येतात.

मृगाचा पाऊस झाला की पाच-पाच मीटरवर खड्ड्यात तीन बिया, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल. नंतर जोमदार एकच रोप ठेवा. पिशवीतल्या रोपापेक्षा मला हेच बरं वाटतं, कारण सोटमूळ पिशवीत वेटोळं होतं. जागा उत्तरेच्या बांधाची: रब्बीत सूर्य दक्षिणेला कलतो, सावली शेजाऱ्याच्या नाहीतर रस्त्याच्या बाजूला पडते, आपली शाळू वाचते. (शेजाऱ्याला आधी विचारा.) जागा अरुंद असेल तर रामकाठी बाभूळ धरा, ती पसरत नाही, उभी वाढते.

वडिलांच्या वेळी कुळव, गाडीची चाकं सगळं बाभळीचं असायचं. डिंक उन्हाळ्यात खोडावर आपोआप येतो, लाडवापुरता पुरतो. आणि साल! कोल्हापुरी चपलेचं कातडं पारंपरिक पद्धतीनं कमावतात ते बाभळीची साल आणि हिरड्यानं. कातड्याची पिशवी शिवून, त्यात साल-हिरड्याचं पाणी भरून टांगायची. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. पण साल तोडलेल्या झाडाचीच काढा. उभ्या झाडाची गोलाकार सोललीत तर झाड वाळलं म्हणून समजा.

पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून जपायचं, म्हणजे जिनं बी दिलं तिच्यापासूनच! थंडीत खालच्या फांद्या छाटा, खोड सरळ होतं. छाटलेल्या काटेरी फांद्या जाळू नका, पुढच्या रोपांभोवती त्याच रचा.