गाडीच्या विम्याची मुदत संपली असल्यास काय करावे?

विमा संपल्याचे ध्यानात येताच गाडी आहे तिथेच उभी करावी. ‘सोलापुरातल्या सोलापुरात, विजापूर रोडवरून सात रस्ता चौकापर्यंतच तर जायचे आहे’ ही सबब मोटार वाहन कायद्यात बसत नाही. कलम १४६ नुसार तृतीय पक्ष विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या हानीची भरपाई देणारा) सक्तीचा आहे आणि कलम १९६ नुसार पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढच्या वेळी दंड ४,००० रुपये होतो. गाडी दुसऱ्याला चालवू देणारा मालकही यातून सुटत नाही.

तथापि दंड ही किरकोळ बाब आहे. विमा नसताना अपघातात कोणी दगावले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते आणि ती थकल्यास जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. शेती नावावर असणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

पॉलिसी ऑनलाइन घेणे सोपे आहे. गाडीचा क्रमांक आणि जुनी पॉलिसी हाताशी ठेवावी.

खरी गफलत होते ती पॉलिसी सुरू होण्याच्या वेळेबाबत, आणि मीही तिथेच फसलो होतो. अक्कलकोटला दर्शनासाठी निघण्याच्या दिवशी सकाळी मी पैसे भरले, एजंटाने ‘पावती आली, आता बिनधास्त जा’ असे सांगितले आणि मी कुटुंबासह निघालो. रात्री घरी येऊन पॉलिसी उघडली, तेव्हा संरक्षण त्या मध्यरात्रीपासून सुरू होणार असल्याचे दिसले. म्हणजे जाऊन-येऊन सारा प्रवास विम्याविना झाला होता. पैसे भरल्याची पावती म्हणजे पॉलिसी नव्हे. पॉलिसीवर जी तारीख आणि वेळ छापलेली असते, त्याआधीच्या अपघाताला ती लागू होत नाही, मग पैसे कितीही आधी भरलेले असोत.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचेही संरक्षण हवे असेल, तर विम्यात खंड पडलेल्या गाडीची आधी तपासणी होते. त्यासाठी गाडी रस्त्यावर काढू नये. सर्वेक्षकाला घरी बोलवावे किंवा कंपनीची सोय असल्यास मोबाइलवरून व्हिडिओ पाठवावा. खंड ९० दिवसांपेक्षा जास्त झाला, तर नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) जातो.

नवी पॉलिसी डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी ॲपमध्ये दिसते का, हे पाहून घ्यावे; पोलिसांना तिथून दाखवलेली प्रत चालते. किल्ली मात्र छापील वेळ उलटल्यावरच फिरवावी.