लाकडी होडीच्या फटी सुताने कशा बुजवाव्यात

होडी गळते ती बहुधा फळीतून नाही, दोन फळ्यांच्या सांध्यातून. उन्हात तापलेल्या होडीच्या फटी मात्र लगेच भरू नका. फळ्या सुकून आखडलेल्या असतात, फट आहे त्याहून रुंद दिसते. ती ठासून भरली तर पाण्यात उतरल्यावर फळ्यांना फुगायला जागा उरत नाही. मग खिळे उपटतात नाहीतर वाक, म्हणजे फळ्या ज्यावर ठोकतात ती आतली बाकदार फासळी, तडकतो. होडी झापांखाली सावलीत आणा, वर ओली गोणपाटं टाका आणि चार-पाच दिवस थांबा. भरण्याआधी फटी तेवढ्या कोरड्या होऊ द्या.

आधी खिळे तपासा. डोक्याभोवती काळा डाग असेल किंवा फळी वाकापासून सुटली असेल तर खिळा बदला. सैल फळीत सूत ठोकलं की फट भरत नाही, फळीच बाहेर सरकते. नव्या खिळ्याच्या डोक्याखाली तेलात भिजवलेलं सूत गुंडाळायचं. सागवानात लोखंड बरंच टिकतं. ओकच्या लाकडातलं आम्ल मात्र ते खातं. मुंबईत १८१७ साली बांधलेली सागवानी त्रिंकोमाली युद्धनौका आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे.

जुनं सूत आणि राळ आकड्याने पूर्ण उपसून काढा. फट आतून चिकटलेली, बाहेरून उघडी हवी: २५ मिमी जाडीच्या फळीला बाहेरून दीड-दोन मिमी पुरे. आतूनही उघडी असेल तर सूत आरपार जाईल. तिथे लाकडाची पट्टी बसवावी लागते.

आता कापसाचं सूत फटीपेक्षा किंचित जाड पिळून घ्या. ते सरळ ओढून ठोकायचं नाही. बोथट पटाशीने दर दोन-तीन सेंटीमीटरवर छोटी घडी आत दाबत जा, मग मोगरीने बसवा. जिथे फट रुंद तिथे घड्या जवळ, जिथे अरुंद तिथे लांब. ठोक्याचा बद आवाज टणक झाला की थांबायचं. हात जड असणाऱ्यांनी कान उघडे ठेवावेत. फळ्यांची टोकं जिथे जुळतात ते सांधे आणि पठाणालगतची (तळाच्या कण्यालगतची) फट यांना सर्वांत जास्त वेळ द्या, गळती बहुतेक तिथूनच सुरू होते. वरच्या तीन-चार मिमी जागेत सूत नको, ती राळेने भरायची.

त्या जागेला आधी तेलाचा हात द्या, नाहीतर कोरडं लाकूड राळेतलं तेल शोषून घेतं आणि राळ भेगाळते. राळ मंद आचेवर वितळवून तेल थोडं थोडं घाला. थेंब थंड पाण्यात टाकून नखाने दाबा: तुटला तर तेल कमी, चिकटला तर जास्त. भांडं पेटलं तर पाणी ओतू नका, झाकण घाला.

होडी उतरवल्यावर एक-दोन दिवस पाझर राहतोच. एकाच जागेहून धार लागली तर होडी परत वर घ्या. आतून सूत ठोकाल तर बाहेरचं निघून येईल.