बर्नर चकाकले, पण ज्योत पिवळीच!
कडक भाकरीला आच मंद आणि सारखी लागते, हे सोलापुरात सांगायला नको. आईच्या जुन्या गॅस शेगडीची ज्योत मात्र पिवळी. तव्याच्या बुडाला नुसती काजळी. पितळी बर्नर रात्रभर चिंचेच्या पाण्यात ठेवले, घासले, भोकं सुईने मोकळी केली. फरक शून्य. मग रेग्युलेटर काढून शेगडी उलटी केली. गॅसमध्ये हवा मिसळते त्या नळीत कोळ्याचं जाळं! बाटली धुवायच्या ब्रशने काढलं. जेटला, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीला, मुद्दाम सुई लावली नाही. भोक मोठं झालं की गॅस जास्त येतो, काजळी वाढते. बर्नर खडखडीत वाळवून बसवले, रेग्युलेटर परत लावून जोडांना साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही, म्हणजे गळती नाही. ज्योत निळी. ‘डावा फुरफुरतोय रे,’ आई म्हणाली. हवेची चकती किंचित फिरवली, गप्प झाला.