उद्याची काळजी देवावर सोपवायची म्हणजे नेमके काय करायचे

‘पुढे काय होणार’ हा प्रश्न पुण्यात सध्या घरोघरी वेगवेगळ्या रूपांत वावरतो आहे. हिंजवडीतल्या कंपनीत कपातीची कुजबुज सुरू झाली की गृहकर्जाचे हप्ते डोळ्यांपुढे उभे राहतात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या, मराठवाड्यातून आलेल्या मुलाला जाहिरात कधी निघेल आणि वयाची किती वर्षे हाताशी उरली आहेत याचा हिशेब झोपू देत नाही. यांतले बरेच जण मनापासून देव मानतात, संकष्टी धरतात, घरातली पूजा चुकवत नाहीत. तरीही काळजी जात नाही, आणि मग ‘माझी श्रद्धाच कमी पडते की काय’ या विचाराने दुःखात भर पडते. माझ्या मते अशा वेळी श्रद्धा बहुधा पुरेशी असते. ऐन काळजीच्या क्षणी तिचा आधार कसा घ्यायचा, हे मात्र कोणी शिकवलेले नसते.

सुरुवात कागदापासून करावी. ‘माझे कसे होणार’ अशी धूसर काळजी देवापुढे ठेवता येत नाही, कारण ती काय आहे हे आपल्यालाच ठाऊक नसते. म्हणून एका वहीत ती स्पष्ट शब्दांत लिहावी: ‘नोकरी गेली तर हप्ते किती महिने भरता येतील, याची मला भीती वाटते.’ त्याखाली आपल्या हातात काय आहे ते लिहावे, जसे की बँकेत जाऊन हप्त्यांबद्दल विचारणे, बायोडेटा नीट करणे, घरात पत्नीला किंवा पतीला खरी परिस्थिती सांगणे. मग जे आपल्या हातात अजिबात नाही ते वेगळे लिहावे: कंपनीचा निर्णय, बाजाराची स्थिती, परीक्षेची तारीख, तपासणीचा अहवाल. पहिल्या यादीतले एक काम त्याच दिवशी करावे. देवावर सोपवायची असते ती दुसरी यादी. पहिली यादीही त्याच्यावर टाकून स्वस्थ बसणे याला विश्वास म्हणता येणार नाही.

ही विभागणी कशी जगायची हे पाहायचे असेल, तर ज्येष्ठ-आषाढात पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठेत आणि भवानी पेठेत जाऊन यावे. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात उतरते. आजूबाजूच्या शाळांमध्ये, मंडपांत, दुकानांच्या ओट्यांवर वारकरी टेकलेले असतात. त्यांच्यात शेतकरी पुष्कळ असतात. कोणाची पेरणी झालेली असते, कोणाची घरच्यांवर सोपवलेली असते, आणि पाऊस वेळेवर पडेल याची हमी कोणाकडेच नसते. पण त्यांच्या पिशवीत पाहिले तर प्लॅस्टिकचा कागद नीट घडी घालून ठेवलेला असतो, पायांच्या भेगांसाठी मलम असते, आणि दिंडीचा उद्याचा मुक्काम त्यांना पाठ असतो. पाऊस कधी पडेल ते विठ्ठलाने पाहायचे, पण पडला तर डोक्यावर घ्यायचा कागद आपणच न्यायचा, इतका सरळ हा व्यवहार आहे.

दुसरी यादी देवापुढे ठेवताना बोलून ठेवावी, आणि आपल्या रोजच्या भाषेत बोलावी. घाबरलो आहे, राग आला आहे, तू ऐकत नाहीस असे वाटते, हेही सांगावे. देवाकडे तक्रार केली तर पाप लागेल असे मानणाऱ्यांनी जनाबाई आठवाव्यात. विठ्ठलाला हक्काने चार शब्द सुनावण्याची रीत आपल्या संतपरंपरेत केव्हापासून आहे. जिथे तक्रार करता येते तिथेच नाते असते.

इथे एका मोठ्या गैरसमजाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. देवावर विश्वास ठेवला की वाईट घडणारच नाही, असे कोणी सांगत असेल तर ते मानू नये. 1630च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात देहूच्या तुकोबांचा व्यापार बुडाला, मान गेला आणि पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली, हे त्यांनी स्वतःच आपल्या अभंगात सांगून ठेवले आहे. पुढे काय होणार याचे उत्तर त्यांच्याजवळही नव्हते. त्याच अभंगात ते पुढे सांगतात की गावातले देवाचे देऊळ मोडकळीला आले होते, आणि ते दुरुस्त करावे असे त्यांच्या मनात आले. सर्वस्व गेलेल्या माणसाने समोरचे एक काम हाती घेतले, यात मला विश्वासाची सगळी रीत दिसते. देव आपल्याला हवा तोच निकाल देईल, अशी खात्री त्यात नाही. जो निकाल येईल त्यात तो आपल्याला एकटे सोडणार नाही, एवढीच आहे.

म्हणूनच नवस जपून बोलावा. अमुक झाले तर तमुक करीन, या बोलण्यात मन पुन्हा निकालालाच चिकटून राहते. दर आठवड्याला नव्या ज्योतिषाकडे पत्रिका नेण्याने तर काळजी वाढतेच.

वेळ मात्र ठरलेली असावी. दिवेलागणीला देवापाशी बसून हरिपाठ म्हणणे हा आपल्याकडचा जुना आणि उत्तम परिपाठ आहे. ज्यांना तो येत नाही त्यांनी नामस्मरण करावे किंवा नुसते शांत बसावे. दिवसभर काळजी डोके वर काढेल तेव्हा ‘याचे संध्याकाळी देवापाशी बोलू’ असे मनाला सांगून हातातले काम चालू ठेवावे. पहिले काही दिवस हे जमत नाही, म्हणून सोडू नये. रात्री अडीच-तीनला जाग आली तर मोबाइल हातात घेऊ नये, नोकरीच्या बातम्या तर मुळीच पाहू नयेत. पडल्या पडल्या श्वासाबरोबर नाम घ्यावे, झोप आली नाही तरी घेत राहावे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या कठीण काळाबद्दल अवश्य विचारावे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांतले कितीतरी संसार वाहून गेले, आणि त्यानंतर माणसांनी चिखलातून भांडी वेचून पुन्हा चूल मांडली. ज्या घरात तो दिवस पाहिलेले आजी-आजोबा आहेत, तिथे त्यांच्यापाशी बसून ‘तेव्हा तुम्हाला कशाने धीर आला’ असे विचारणे हा मोलाचा सत्संग आहे.

झोप पार उडाली असेल, जेवण जात नसेल, छातीत सतत धडधड होत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. औषध घेतल्याने श्रद्धा उणी ठरत नाही. डॉक्टरही देवानेच आपल्या वाटेवर ठेवलेले असतात, असे मी मानतो.

शेवटी, ज्या दिवशी निकाल कळायचा आहे त्या दिवसाची तयारी आजच करून ठेवावी. वहीत त्या तारखेपुढे लिहावे की त्या संध्याकाळी आपण कोणत्या देवळात जाणार आणि बरोबर कोण असेल: सारसबाग, चतुःशृंगी, नाहीतर गल्लीतला मारुती. निकाल मनासारखा लागला तरी जायचे आणि नाही लागला तरी जायचे, असे बरोबर येणाऱ्या माणसालाही आधीच सांगून ठेवावे.