मळणीच्या हंगामात डोळ्याला कुसळ लागल्यास: बुरशी व औषधाची निवड

भाताचे कुसळ, उसाचे पाते किंवा मक्याचा धस लागून बुबुळ खरचटते, पाणी मारले की बरे वाटते आणि काम पुढे चालू राहते. काही दिवसांनी लाली वाढते, उजेड सहन होत नाही आणि बुबुळावर विस्कटलेल्या कडांचा करडा-पांढरा ठिपका दिसतो. खरचटलेल्या जागी बुरशी वाढल्याची ही खूण असू शकते, आणि ती बहुधा फ्युजेरियम किंवा अॅस्परजिलस असते. पैकी फ्युजेरियम हरभरा-तुरीवर मर आणणाऱ्या बुरशीच्याच कुळातली आहे.

डोळे जातात ते मुख्यतः पुढच्या चुकीमुळे. तपासणीआधीच लाली उतरवणारे स्टेरॉइडचे थेंब घातले जातात. दोन दिवस डोळा निवळल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात शरीराचा प्रतिकार दबून बुरशी खोल जाते. विक्रेत्याने कितीही खात्री दिली तरी बुबुळावरील ठिपक्याची खरवड (खरवडून घेतलेला नमुना) तपासल्याशिवाय असे थेंब घालू नयेत.

कामाच्या वेळी:
- कडेने बंद असलेला चष्मा
- उफणताना वाऱ्याकडे पाठ
- स्वच्छ पाणी हाताशी
- रुतलेले कुसळ स्वतः काढू नये, डोळा चोळू नये

खरवड काचेवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशीचे तंतू त्याच दिवशी दिसू शकतात. संवर्धनाला, म्हणजे नमुन्यातील बुरशी प्रयोगशाळेत वाढवून ओळखायला, मात्र काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात, आणि कोणते औषध किती तीव्रतेला बुरशीची वाढ रोखते ही चाचणी त्यानंतरच होते. म्हणून अहवालाची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञ सहसा नॅटामायसिन ५ टक्के हे बुरशीनाशक थेंब सुरू करतात: पहिले तीन-चार दिवस दर एक ते दोन तासांनी एक थेंब, नंतर दिवसातून सहा ते आठ वेळा, एकूण साधारण दोन ते तीन आठवडे. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसतो, तेव्हा ती दर वेळी हलवावी. महाग आणि नवे म्हणून व्होरिकोनॅझोल या दुसऱ्या बुरशीनाशकाचा आग्रह धरू नये. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत नॅटामायसिनच सरस ठरले, विशेषतः फ्युजेरियमवर. याउलट अॅस्परजिलस फ्लेवसला रोखण्यास प्रयोगशाळेत नॅटामायसिन बरेच जास्त लागते, त्यामुळे बुरशीची ओळख पटणे महत्त्वाचे आहे. बुरशी रोखणाऱ्या तीव्रतेचा अहवालातील आकडा मात्र तज्ज्ञांनीच वाचावा, कारण थेंबांमुळे बुबुळावर मिळणारी तीव्रता रक्तातील तीव्रतेहून फार वेगळी असते.

टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल ही फवारणीची औषधे व्होरिकोनॅझोलच्याच ॲझोल या बुरशीनाशक गटातली आहेत, आणि शेतातील ॲझोलमुळे अॅस्परजिलस फ्युमिगॅटसमध्ये प्रतिकार निर्माण झाल्याचे पुरावे आहेत. एकाच गटाची फवारणी सतत होणाऱ्या शिवारात डोळ्याची बुरशीही या गटाला कमी दाद देत असावी, असा माझा अंदाज आहे, सिद्ध निष्कर्ष नव्हे. तरी रोग नसताना, केवळ विक्रेता म्हणतो म्हणून, ॲझोल फवारू नये.

दवाखान्यात जाताना आधी घातलेल्या थेंबांच्या सर्व बाटल्या सोबत न्याव्यात. त्यांत स्टेरॉइड होते का, हे डॉक्टरांना सर्वांत आधी कळायला हवे.